भोंगा वाजला नाही म्हणजे

डिंभे, ३ नोव्हेंबर

ताई,

कागदावरचं पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. धरणावरची मासळी टेंपोने मंचरला नेतो ना, तो दादाभाऊ, त्याच्या हाती हे पाकीट देतेय. भाऊजी कांद्याच्या आडतीवर असतातच, त्यांच्याकडे तो पोचतं करेल. तुझं उत्तरही त्याच वाटेने पाठव. मला फोन करू नकोस, आणि माझं नाव दिसलं तरी उचलू नकोस. का ते सांगते, रागावू नकोस.

मला नोकरी लागली असं मी म्हणाले होते ना, ती तुमच्याच वस्तीची निघाली. तुमच्याकडे उसाच्या कडेला कंपनीने खांब उभा केलाय, वर कॅमेरा आणि भोंगा. समोर काही हललं की कॅमेरा फोटो काढतो आणि तो फोटो इथे डिंभ्यात माझ्याकडे येतो. मी बघायचं, कुत्रा आहे, माणूस आहे की बिबट्या. बिबट्या असला तर लाल बटण दाबायचं, की तुमच्याकडे भोंगा वाजतो. रात्री लोक घरातच असतात म्हणून भोंगा देत नाहीत, पण रात्रीचे फोटो साठतात. ते सकाळी बघून, तो फिरून गेला असेल तर मी एकदा लांब भोंगा द्यायचा. म्हणजे ताई, तुमच्या वस्तीची राखण सध्या मी करते, घरात बसून.

नेमताना साहेबांनी विचारलं होतं, त्या गावात कोणी नातेवाईक? मी नाही म्हणाले. नात्यातलं माणूस असलं की फोटो बाहेर फुटतात, अफवा उठते, लोक काठ्या घेऊन उसात शिरतात, म्हणून ते घेत नाहीत. तू आहेस म्हटलं असतं तर नोकरी हातची गेली असती. लग्नानंतर मला पहिल्यांदा माझं स्वतःचं काही मिळालंय ताई, आणि तेही या कोपऱ्यात, जिथे धड एष्टी येत नाही.

आता खरी भीती सांगते. फोटो थेट येत नाहीत. ऑफिसने एक जाडजूड मोबाईल दिलाय, त्यात आधी व्हीपीएन जोडावं लागतं. म्हणजे ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत आपल्यापुरता बंद बोळ, असं साहेब म्हणाले. बोळ उघडला की स्क्रीनवर सगळ्यात वर किल्लीचं चिन्ह येतं. इथे ऑफिसच्या सिमला रेंज नाही म्हणून मी माझंच सिम त्यात घातलं. तरी किल्ली येते आणि जाते. ओटीपी येईस्तोवर त्याची मुदत संपून जाते. स्लॅबवर चढते, धरणाच्या रस्त्यावर जाते, मोबाईल धरून हात वर करून उभी राहते. आणि किल्ली नसते तेव्हा तुमच्या खांबाकडे कोणीही बघत नसतं, हे फक्त मला माहीत असतं.

वर आणखी एक. जोडताना लिहून येतं की या नेटवर्कवर लक्ष ठेवलं जाऊ शकतं. म्हणजे माझे फोन ऑफिस ऐकत असणार. तुझा आवाज त्यांनी ऐकला की संपलं. म्हणून हा कागद.

तुमच्या वरच्या खोलीत इंजिनियरिंगचा मुलगा राहतो ना, सार्थक? त्याला विचार, मोबाईलवर व्हीपीएनची किल्ली टिकत नाही, काय करायचं. माझं नाव, काम, काही सांगू नकोस. एवढंच विचार.

तुझी वृषाली


अवसरी खुर्द, ५ नोव्हेंबर

वृषे,

पाकीट बघून आधी देवाम्होरं ठिवलं. म्हणलं कोण गेलं. ह्यांनी जेवणाच्या डब्यासंगं आणून ठिवलं आन म्हणले, तुझी बहीण आता राजदरबारी पत्रं धाडाया लागली.

धरणाच्या रस्त्यावर हात वर करून उभी ऱ्हातीस म्हंजे लोकांला वाटत आसंल एष्टीला हात करती. तिथं कुठली एष्टी थांबाया.

पण बये, तू हाईस व्हय भोंग्याच्या मागं. परवा सकाळी भोंगा वाजला, आमी समदे घरात, दारं लावली. खिडकीतनं बघितलं तर बांधावरनं गेला की, असा निवांत, जसा काय सातबारा त्याच्याच नावावर. सासूबाईंनी हात जोडले. त्यांला वाटलं देवानं वाचवलं, आन हित तू निघालीस.

इथलं तुला किती म्हाईत हाय कुणास ठाऊक. दिवाळीच्या आधी शेजारच्या वस्तीवरनं गोठ्यातली कालवड नेली. तवापासनं आमी बाया गवत कापायला जोडीनं जातो. एकीनं वाकायचं, दुसरीनं काठी घेऊन उभं ऱ्हायचं, दमलं की अदलाबदल. वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं म्हणं. सासूबाई तर खिळ्यांचा पट्टा गळ्यात बांधून बसत्यात. कुणी हसलं तर म्हणत्यात, तुझी मान तू सांभाळ. समृद्धीला मी सोता शाळेत सोडते आन आणते, उसातली वाट टाळून, लांबच्या रस्त्यानं. पहिलीतलं पोर, पाय दुखत्यात म्हणून रडतं. पण जीव महत्त्वाचा.

खांब आल्यापासनं जरा दम खाल्लाय बघ लोकांनी. भोंगा हाय म्हणत्यात.

सार्थकला तू सांगितलं तेवढंच इचारलं. म्हणला, काकू, सोपं हाय, फुकटचं एक ॲप हाय, त्ये टाका, किल्ली येईल आन जाणार न्हाई. चिठ्ठीवर नाव लिहून दिलंय, ती संगं ठिवलीय. सेटिंगमधी 'कायम चालू' करा म्हणला. कुणासाठी इचारलं न्हाई, हुशार पोरगं हाय, नाकासमोर बघून चालतं.

नोकरी सांभाळ. आन आमाला पण.

ताई


डिंभे, ८ नोव्हेंबर

ताई,

सार्थकच्या तोंडात साखर पडो. त्याने लिहिलेलं ॲप टाकलं आणि किल्ली अशी बसली की हलायचं नाव नाही. घरात बसले तरी आहे, चुलीपाशी गेले तरी आहे. ना ओटीपी, ना स्लॅबवरच्या चकरा. इतके दिवस मी धास्तीने जेवत नव्हते, काल पोटभर जेवले आणि ऋषी म्हणाला, बायको, आज काय पगार झाला का.

तुमच्याकडेही शांत आहे. परवापासून फोटोंच्या पानावर एकच ओळ दिसते, नवीन फोटो नाहीत. मी तासन्‌तास त्या पानाकडे बघत बसते, डोळ्यांत पाणी येतं, पण काही येत नाही. सकाळी रात्रीचे फोटो बघायला उघडते, तेही नाहीत. पलीकडच्या शिवारात ऊसतोड लागली असं भाऊजी दादाभाऊला म्हणाले होते, त्या गोंगाटाने लांब सरकला असेल. गेला एकदाचा.

समृद्धीला एवढा लांबचा वळसा कशाला घालायला लावतेस? उसातल्या वाटेने मुली मुली मिळून येऊ दे की. मी बघतेच आहे ना दिवसभर. काही दिसलं तर पहिला भोंगा तिच्यासाठी वाजेल. भीती मलाही आहे, पण आता किल्ली आहे. तू जरा पाठ टेक.

वृषाली


अवसरी खुर्द, ११ नोव्हेंबर

वृषे,

तुझं पत्र वाचून लई दिवसांनी हलकं वाटलं. सासूबाईंना तुझं नाव न्हाई सांगितलं, फकस्त म्हणलं की वरनं निरोप हाय, बिबट्या गेला. त्यांनी पट्टा काढून खुंटीला लावला. मानेला चट्टे पडले व्हते, खोबरेल लावलं.

समृद्धी सोमवारपासनं उसातल्या वाटेनं येती, वस्तीवरच्या दोघी पोरींसंगं. खूश हाय. येत्या शुक्रवारी बालदिनाचा कार्यक्रम हाय, तिचा नाच हाय, म्हणून यायला चार वाजतील म्हणली. मी पण गवताला आता एकटीच जाते, जोडीची वाट बघत बसलं की निम्मा दिस जातो.

एक दोन गोष्टी हाईत, तुला लिहू का नको असं झालं व्हतं. आपला मोती दोन दिस झाले दिसत न्हाई. ह्ये म्हणले कुत्रीच्या मागं गेला आसंल, दिस तेच हाईत. आन काल हौदापाशी चिखलात पंजे व्हते. मला मोठे वाटले. सासूबाई म्हणल्या तरस आसंल. मी म्हणलं तसंच आसंल, कारण भोंगा वाजला न्हाई. भोंगा वाजला न्हाई म्हंजे तो न्हाई, असं आता लहान पोर पण सांगंल इथं.

तरी पण एक इचारते, राग नको मानू. तुला त्या फोटोत मोती दिसला व्हता का कुठं?

ताई


डिंभे, १४ नोव्हेंबर, दुपार

ताई,

टेंपो बंद पडला होता, तुझं पत्र आत्ता मिळालं. दादाभाऊ गाडी चालू ठेवून उभा आहे. सरळ तुझ्या दारात जा म्हटलंय त्याला. मी तुला पाच वेळा फोन केला, तू उचलत नाहीस, मीच सांगितलं होतं. दादाभाऊच्या फोनवरून केला, नुसता वाजतोय. भाऊजींनी उचलला, लिलावाच्या गोंगाटात त्यांना किती कळलं देव जाणे, पण निघतो म्हणाले.

मोती दिसला का विचारलंस आणि मी आठवून बघितलं. मोती दिसला नाही. कोणीच दिसलं नाही. आधी दिवसाला कितीतरी फोटो यायचे, कुत्री, मांजरं, डोक्यावर भारा घेतलेल्या बाया, सायकली. या आठवड्यात एक माणूस नाही. एवढी वस्ती, आणि खांबासमोरून कोणी चाललंच नाही? हे मला आधी कळलं नाही ताई. मी मूर्खासारखी किल्लीकडे बघत बसले.

ते ॲप बंद केलं तर किल्ली गेली. म्हणजे ती किल्ली ऑफिसची नव्हतीच. त्या ॲपची होती, दुसऱ्याच कुठल्यातरी बोळाची. धरणाच्या रस्त्यावर पळत आले, ऑफिसचं व्हीपीएन जोडलं, चौथ्यांदा ओटीपी लागला, आणि फोटो यायला लागले. साठलेले. थांबेचनात.

तो तिथेच आहे. तो नाही, ती आहे, मागे दोन पिल्लं आहेत. हौदापाशी आहे. बांधावर आहे. एका फोटोत तिच्या तोंडात मोती आहे. एका फोटोत तू वाकून गवत कापतेस, जवळ उभं कोणी नाही. पुढच्या फोटोत तू नाहीस, ती आहे, तू विसरलेल्या पेंढीला नाक लावून. आणि कालच्या एका फोटोत समृद्धी वाटेवर खाली बसून चपलेचा अंगठा नीट करतेय. तिच्या मागे उसात पिवळं काहीतरी आहे. मी मोठं करून बघितलं. बघायला नको होतं.

भोंगा दिलाय. आत्ताचा फोटो नाही तरी दिलाय, खोटा भोंगा दिला म्हणून काढलं तर काढू दे. परत परत देत राहीन. आज शुक्रवार आहे ताई. पोरी वाटेत असतील.


अवसरी खुर्द, १६ नोव्हेंबर

वृषाली,

पोरगी घरात हाय. ह्ये पहिलं वाच, मग बाकीचं.

तुझे फोन आले तवा मी घरात व्हते. तुझं नाव फोनवर दिसत व्हतं आन मी तो पालथा घालून ठिवला, तू सांगितलंवतंस म्हणून. दुसरा नंबर आला तवा मी हौदावर धुणं धुवत व्हते. भोंगा वाजला की घरात जायचं आन दार लावायचं, ह्ये आमच्या अंगात इतकं भिनलंय की मी पळत आले, कडी लावली, आन मग मला आठवलं की माझं पोर उसात हाय. कडी लावल्यावर आठवलं. आई हाय ना मी, आन मला दार लावल्यावर आठवलं.

मी कडी काढस्तोवर सासूबाई बाहेर व्हत्या. गळ्यात पट्टा न्हाई, पायात चप्पल न्हाई, हातात पितळी आन उलथनं, बडवत निघाल्या वाटेनं. सत्तरीची बाई. मी मागनं काठी घेऊन. भोंगा थांबायचा, परत वाजायचा, परत वाजायचा. त्यो तू वाजवत व्हतीस ह्ये मला तवा कुठं म्हाईत.

पोरी मधल्या वळणावर व्हत्या. पळाल्या नव्हत्या. शाळेत त्यांला शिकवलंय, वाकू नका, पळू नका, एकमेकींला चिकटून उभ्या ऱ्हावा, दप्तर डोक्यावर धरा आन वरडा. तशाच उभ्या व्हत्या, नाचाचे झगे घालून, दप्तरं डोक्यावर. वरडत मात्र नव्हत्या. समृद्धी म्हणली, आई, ऊस हलला आन मग हलायचा थांबला. एवढंच. आमाला काय दिसलं न्हाई. पितळी बडवत पाचजणी घरी आलो. मागं बघायची छाती झाली न्हाई. ह्ये आन तुझं पत्र घिऊन दादाभाऊ त्यानंतर पोचले.

काल सकाळी ह्ये चार माणसं घिऊन वळणावर जाऊन आले. मातीत पोरींच्या चपलांचे ठसे व्हते. आन त्या ठशांवर पंजे व्हते, ठशांच्या वरनं, पार आपल्या हौदापातूर. म्हंजी ती आमच्या मागनं चालत घरापर्यंत आली व्हती. तवाधरनं समृद्धी माझा पदर सोडत न्हाई, संडासला पण बरोबर येती.

सार्थकला समदं सांगितलं. म्हणला, काकू, मोबाईलवर एका टायमाला एकच व्हीपीएन जोडतं. फुकटचं चालू झालं की ऑफिसचं तुटतं. मला कशासाठी पाहिजे ते सांगितलं असतं तर मी ह्ये टाकायलाच सांगितलं नसतं. जेवला न्हाई दोन दिस. आन आणखी एक म्हणला, त्या व्हीपीएनमधनं ऑफिसला फोन ऐकू येत न्हाई, फोन वेगळा. म्हंजी बघ, ऑफिसला भिऊन आपण कागद लिहीत बसलो, आन जिला भ्यायचं तिच्यासमोरनं पोरीला चालवलं.

रागानं लिहितेय, खोटं कशाला बोलू. 'मी बघतेच आहे ना' असं लिवलंवतंस. त्यावर मी पोरीला त्या वाटंनं धाडली. तुझ्या शब्दावर. चुकी तुझी एकटीची न्हाई, मला कळतं, तरी पण आज तुझ्याशी गोड बोलवत न्हाई.

हर्षाली


डिंभे, १८ नोव्हेंबर

ताई,

तू शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. तुझं पत्र मी धरणाच्या रस्त्यावरच वाचलं आणि तिथेच बसून राहिले. समृद्धी घरात आहे एवढं वाक्य किती वेळा वाचलं कोण जाणे.

काल साहेबांना मी सगळं सांगितलं. ॲपचं, किल्लीचं, मोकळ्या गेलेल्या आठवड्याचं. तुझंही. वाटलं, ओरडतील. ते ओरडले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाले, त्या आठवड्यात भोंगा एकदाही वाजला नाही म्हणून वरचे खूश आहेत, यंत्रामुळे बिबट्या वस्तीपासून लांब गेला असा अहवाल गेलाय. आता उलटं कुठे लिहायचं. तुम्ही लिहून द्या की धरण भागात रेंज नव्हती, बहिणीचं मी विसरतो, आणि वस्तीवर काही बोलू नका, लोकांचा भोंग्यावरचा विश्वास उडेल. नोकरी राहील तुमची, पक्की करू. त्यांचा आवाज अगदी मऊ होता.

रात्रभर विचार केला. नोकरी मला पाहिजे ताई, खोटं बोलत नाही. आणि मी गेले तर या जागी कोण बसेल, त्याला तुमच्या वस्तीतलं एक तोंड तरी ओळखू येईल का, हीही भीती आहे. पण तुमच्या वस्तीवर बाकीची घरं आहेत. त्यांना अजून वाटतंय की तो आठवडा मोकळा होता आणि शुक्रवारी ती कुठूनतरी अचानक आली. त्यांच्या बाया आजही एकट्या वाकत असतील. भोंगा वाजला नाही म्हणजे ती नाही, हे वाक्य त्यांच्या डोक्यातून काढायला पाहिजे, आणि ते माझ्याशिवाय कोण काढणार?

म्हणून हे पत्र तू पारावर सगळ्यांसमोर वाच. माझ्या नावानिशी वाच. असं सांग, की सहा तारखेपासून चौदा तारखेच्या दुपारपर्यंत तुमच्या खांबाकडे कोणीही बघत नव्हतं. बघणारी बाई मी होते आणि मी चुकीच्या किल्लीवर विसंबले. त्या दिवसांत मादी आणि दोन पिल्लं रोज तुमच्यात होती. ती पहाटे हौदावर येते, दिवसा कॅनॉलच्या मोरीकडून निघते आणि परत तिकडेच जाते. दुपारीसुद्धा फिरते. मोरीजवळचं गवत कोणी कापू नका. काठ्या घेऊन तिच्यावर जाऊ नका, पिल्लं आहेत, ती जीव घेईल. वनखात्याच्या लोकांना जागा दाखवा, पिंजरा ते लावतील. आणि परत भोंगा गप राहिला तर त्याचा अर्थ ती नाही असा घेऊ नका. कदाचित कोणाची तरी रेंज गेली असेल.

हे वाचलं गेलं की मला काढतील. काढू देत.

तुझी वृषाली


अवसरी खुर्द, २२ नोव्हेंबर

वृषे,

वाचलं. निम्मं मी वाचलं, निम्मं सार्थकनं. ॲप मीच दिलं व्हतं, ह्ये पण त्यानं आपणहून सांगितलं.

एकजण म्हणला, आणा त्या बाईला हित, उभी करा खांबाखाली. दुसरा म्हणला, खांबच उपटा. त्या दोन पोरींतल्या एकीची आई माझ्याकडं अशी बघत व्हती की मला मान वर करता येईना. तिला तर म्हाईतच नव्हतं की आपली पोर कुणाच्या शब्दावर त्या वाटंनं गेली. मी सांगितलं, माझ्या बहिणीच्या. सासूबाई उठल्या आन म्हणल्या, तिनं सांगितलं तरी, न्हाई सांगितलं असतं तर तुमाला कवा कळलं असतं? आन बसल्या. मग दोघंजण उठले, वनखात्याला फोन लावला.

वनखात्याची माणसं आली, मोरीजवळ पिंजरा लावला. मोरीत पिल्लांची जागा सापडली, तू सांगितलीस तिथंच. मादी अजून घावली न्हाई. पिंजऱ्यापातूर येती, वास घेती आन माघारी जाती. पंजे रोज असत्यात.

तुझा मोबाईल ऑफिसनं काढून घेतला, तुला घरी बसवलं, दादाभाऊनं ह्यांना सांगितलं. वाईट वाटलं मला. राग गेला का म्हणशील तर समदा न्हाई गेला. पण तुझ्याशिवाय दुसरं कुणी ते पत्र लिहिलं नसतं, ह्ये पण मी रोज सोताला सांगते.

तुझ्या जागी कोण बसलं ते आमाला कुणी सांगत न्हाई. बाई हाय का बाप्या, पुण्यात हाय का आणखी कुठं, त्याची रेंज हाय का न्हाई. तुला घरी बसवल्यापासनं भोंगा एकदा पण वाजला न्हाई, आन हौदावर पंजे ताजे. आता आमी उलटं केलंय. भोंगा वाजला तर एक वेळ बरं वाटतं, म्हणतो कुणीतरी जागं हाय. भोंगा गप असला की दारं लावून घेतो आन प्रत्येक घरातनं पोरांची नावं घिऊन हाका मारतो, समदी हाईत का. काल समृद्धीचं नाव मी दोनदा पुकारलं, ती माझ्या मांडीवर व्हती तरी.

सासूबाई म्हणत्यात तुला थोडे दिस हिकडं बोलव. लोकांच्या तोंडाला भिऊ नको, बोलतील चार शब्द. मला तू पाहिजेस. मला दिवसाची पण झोप येत न्हाई, डोळं मिटलं की ऊस हलतो.

ये. पण दुपारच्या गाडीनं ये, उजेडात. फाट्यावर उतरलीस की तिथंच टपरीपाशी उभी ऱ्हा. आमी चौघीजणी काठ्या घिऊन येतो तुला न्यायला. आमी दिसस्तोवर एकटी निघू नको.

ताई